माणगावची वाट आणि गाडीची चावी

गेल्या डिसेंबरात आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा पत्नीसह इंग्लंडहून कोल्हापूरला आला. जन्म तिकडचा, मराठी मोडकीतोडकी. पण माणगाव पाहायचेच, हा त्याचा हट्ट. हातकणंगले तालुक्यातील या गावी २१ व २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते आणि राजर्षी शाहू महाराजांनी हाच तुमचा खरा पुढारी असे लोकांना सांगितले, एवढे त्याने आईकडून ऐकले होते.

सकाळी निघताना त्याने हात पुढे केला. "मामा, चावी द्या. मी चालवतो. तिकडेही गाड्या डावीकडूनच चालतात."

आम्ही लायसन्स पाहिले. इंग्लंडचे होते. आंतरराष्ट्रीय परवाना आणलास का, असे विचारले, तर तो आमच्याकडे पाहातच राहिला. आम्ही चावी खिशात ठेवली. भाच्याचे तोंड उतरले. आई म्हणाली, "घरचाच पोरगा हाय की! एवढ्या लांबनं आलाय. कोण बघतंय?"

आम्हालाही वाईट वाटले. पाहुण्याला नाही म्हणणे आपल्या घरांत जड जाते. पण हप्ते फेडून घेतलेली गाडी आमच्या नावावर, जबाबदारीही आमचीच. आम्हीच चालवायला बसलो.

वाटेत बिंदू चौकात थांबलो. महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे येथे ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतच उभे राहिले. तिथे हात जोडल्यावर आम्ही भाच्याला चाळीसगावची गोष्ट सांगितली.

१९२९ साली सरकारी समितीच्या कामाने बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. एकाने टांगा भाड्याने दिला, पण हाकणार नाही म्हणाला. आपल्या साहेबांनी पायी चालू नये म्हणून वस्तीतल्या बांधवांनी आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. दोष मूळ अस्पृश्यतेचा. पण पाहुण्याच्या मानापुढे त्याच्या जिवाची काळजी मागे पडली, हेही बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

भाचा गप्प झाला. पुढे उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्ताभर डुलत होत्या. एकीला ओलांडताना तो म्हणाला, "मामा, बरं झालं तुम्ही चालवताय." माणगावात परिषदेच्या जागी तो बराच वेळ उभा होता. त्याच्या पत्नीने तिथली चिमूटभर माती रुमालात बांधून घेतली.

वाचकहो, आता आपल्याही घरी परदेशातून लेकरे येतात. म्हणून थोडी माहिती देतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५ प्रमाणे, योग्य लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी देणे हा मालकाचाच गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८० खाली त्याला पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. विम्यातही चालकाकडे वैध लायसन्स असावे अशी अट असते. ती मोडून अपघात झाला, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. एका अपघातात घरादाराची पुंजी जाईल.

पाहुण्याने आपल्या देशातून निघण्यापूर्वीच आंतरराष्ट्रीय परवाना काढावा. तो इथे आल्यावर इथल्या कार्यालयात मिळत नाही. भारतासाठी १९४९ च्या जिनिव्हा कराराचा परवाना लागतो, तो एक वर्ष चालतो. सोबत मूळ लायसन्स हवेच. आपला विमाही आधी वाचून घ्यावा. ज्या नातेवाइकाकडे मुदतीतले भारतीय लायसन्स आहे, त्याला त्यावरच गाडी चालवता येते.

परत जाताना भाचा म्हणाला, पुढच्या वेळी परवाना घेऊनच येतो, मग मामा शेजारी बसतील. आम्ही म्हटले, जरूर. चावी तुझीच. कायद्याने चालणे हा बाबासाहेबांच्या लेकरांचा बाणा आहे. जयभीम.