कात्रजची गाडी

वर्गमित्रांनो, गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी प्रवासाचा अनुभव लिहून आणायला सांगितला, तेव्हा बऱ्याच जणांनी पाचगणीच्या सहलीवर लिहिले. त्या सहलीत मीही होतो. पण मला गाडी लागते, त्यामुळे सगळा पसरणी घाट मी डोळे मिटूनच चढलो. त्यावर काय लिहिणार? म्हणून मी पुण्याच्या प्रवासावर लिहितो. यात माझी फजिती आहे आणि ती आतापर्यंत घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हती.

नोव्हेंबर २०२३ मधली, दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. माझ्या आजीच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पुण्याला झाले होते. आठ दिवसांनी डोळा परत दाखवायला जायचे होते. घरी उसाला तोड आलेली, त्यामुळे वडिलांना आणि आईला हलता येईना. पुण्यात काका स्वारगेटला घ्यायला येणार होते. तेव्हा आजीबरोबर मला पाठवायचे ठरले.

"तू नुसता बरोबर रहा आणि पाट्या वाच," वडील म्हणाले.

आजी शाळेत गेलेली नाही. तिला पैसे कळतात, आकडे कळतात, पण अक्षर कळत नाही. एकटी असली की ती चार माणसांना विचारते आणि मगच गाडीत चढते. त्या दिवशी मात्र ती सगळ्यांना सांगत होती, "आज मला काळजी न्हाई. नातू हाय बरोबर. पाचवीला हाय."

आता तुम्ही हसाल. कारण मी कसे वाचतो ते तुम्हाला ठाऊक आहे. शब्दाचे पहिले अक्षर बघायचे आणि पुढचे मनानेच म्हणून टाकायचे, ही माझी जुनी खोड. ‘नगरपालिका’ हा शब्द मी मोठ्याने ‘नागपंचमी’ असा वाचला होता, तेव्हा वर्ग कितीतरी वेळ हसत होता. आजीला यातले काहीच माहीत नव्हते आणि मीही तिला सांगितले नाही.

सकाळी सहाच्या गाडीने वाईला आलो आणि तिथून स्वारगेटची एस.टी. धरली. वाई ते पुणे सुमारे ९० किलोमीटर. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे आणि मी बारा वर्षांच्या आतला, म्हणून माझेही अर्धेच. आजी म्हणाली, "दोघं मिळून एकच माणूस झालो की रं." आईने खिशात आवळासुपारी दिली होती. ती तोंडात धरून मी खिडकीशी बसलो.

पाट्या वाचायचे काम मी लगेच सुरू केले. गाडीतच पुष्कळ पाट्या असतात. हात बाहेर काढू नका, धूम्रपान करू नका, स्त्रियांसाठी राखीव. आजी प्रत्येक पाटीला मान हलवायची. सुरूर फाट्याला गाडी मोठ्या रस्त्याला लागली. हा पुणे-बंगळूर महामार्ग. पूर्वी त्याचा नंबर ४ होता, आता ४८ आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो आणि राज्य महामार्गावरच्या दगडाचा हिरवा, हे गुरुजींनी सांगितले होते ते मी आजीला सांगितले. ती म्हणाली, "म्हंजे वाचता न येणाऱ्याचीबी सोय केलीया." हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

खंबाटकीला आमची गाडी बोगद्यातून गेली. पुण्याहून साताऱ्याकडे येणाऱ्या गाड्या तेव्हा घाट चढून येत आणि जाणाऱ्या बोगद्यातून जात, हे मला त्या दिवशी कळले. बोगद्यात दिवे होते तरी आजीने माझा हात धरला. तिच्या डोळ्यावर दवाखान्याचा मोठा काळा चष्मा होता, तिला तर सगळीकडे बोगदाच! शिरवळजवळ नीरा नदी ओलांडली की आपला सातारा जिल्हा संपतो. पुढे कात्रजचा बोगदा लागला, आणि तिथून पुण्याच्या इमारती दिसू लागल्या. मला एकदाही गाडी लागली नाही, हे लिहून ठेवतो.

कात्रजला आजी म्हणाली, "हितं कुठंतरी आता वाघ ठेवल्यात म्हनं."

आजी लग्न झाल्यावर पहिल्यांदा पुण्याला आली, तेव्हा आजोबांनी तिला पेशवे पार्कात नेले होते. तिथे तेव्हा वाघ-सिंह होते आणि मुलांची छोटी आगगाडी होती, फुलराणी. ही फुलराणी १९५६ साली सुरू झाली. आजी नवी नवरी, नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन त्या गाडीत बसली होती. पण तिला जास्त आठवतो तो वाघ. पुढे तिथले प्राणी कात्रजच्या नव्या प्राणी संग्रहालयात नेले. तेव्हापासून, "एकदा कात्रजला जाऊन वाघ बघायचा," असे ती म्हणत आली आहे. आजोबा आता नाहीत.

दवाखान्यात फार वेळ गेला नाही. डॉक्टर म्हणाले, डोळा चांगला आहे. दोन बाटल्या आणि एक कागद दिला. काकांना दुपारपाळीला जायचे होते. त्यांनी आम्हाला स्वारगेटला आणले आणि सांगितले, "आई, कात्रजच्या गाडीत बसा. वाघ बघा आणि तिथूनच वाईची एस.टी. धरा. ती कात्रजला थांबते." ते गेले.

स्वारगेटला किती गाड्या! एक जाते तोवर दोन येतात. एवढ्यात एका गाडीच्या पाटीवर मला ‘का’ दिसला, पुढे ‘त्रज’ही दिसले.

आजी म्हणाली, "इचारू का रं कुनाला?"

मी म्हणालो, "मी वाचलंय ना! कशाला विचारतेस?"

आणि आम्ही चढलो.

गाडीला खूप गर्दी. एका ताईने उठून आजीला जागा दिली. मी दांडीला धरून उभा राहिलो आणि मला फार मोठे झाल्यासारखे वाटत होते. दोन्ही बाजूंना दुकाने, भांडी, कपडे, फुलांचे ढीग. मला वाटले कात्रजला बाजार असेल. कंडक्टर गर्दीतून येईपर्यंत मंडई मागे पडली होती.

"दोन कात्रज," मी म्हणालो.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिले. "कात्रजहून आलीय ही गाडी. शिवाजीनगरला चाललीय. पाटी वाचली नाही का? ‘कात्रज ते शिवाजीनगर’ लिहिलंय एवढं मोठं!"

आजूबाजूची माणसे हसली. वर्गात हसता तुम्ही, अगदी तसेच. माझे कान गरम झाले. तेवढ्यात आजी मोठ्याने म्हणाली, "त्या लेकराला काय बोलू नका बाबा. मीच घाई केली. माझ्या डोळ्याचं आपरेशन झालंया, मला दिसलं न्हाई."

सगळे गप्प झाले. एक बाई तर "अरेरे" म्हणाल्या. मी त्या वेळी बोलायला पाहिजे होते. आजीला वाचताच येत नाही, मग तिला दिसले काय आणि न दिसले काय? पण मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला त्यातल्या त्यात बरेच वाटले, हे खरे.

कंडक्टरने आम्हाला शनिवारवाड्याजवळ उतरवले आणि सांगितले, "परत जायला पलीकडच्या बाजीराव रस्त्यानं गाडी मिळेल. या शिवाजी रस्त्यानं नुसतं इकडं यायचं, जायचं तिकडून." पुण्यात रस्तेसुद्धा एकतर्फी असतात.

एवढे आलोच आहोत तर वाडा बघू, असे आजी म्हणाली. पहिल्या बाजीरावाने १७३० साली या वाड्याचा पाया घातला. आतला वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आता जोती आहेत, बाग आहे आणि भोवतीचा तट आहे. मुख्य दरवाजाला दिल्ली दरवाजा म्हणतात, कारण तो उत्तरेला आहे. त्यावर लांब लांब लोखंडी खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकले आहेत. मी मोजायला लागलो आणि मध्येच चुकलो. तिकिटाच्या खिडकीशी पाटी होती. ती मात्र मी शेवटपर्यंत वाचली. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, असे त्यावर होते. आजी म्हणाली, "बघ, तुझ्या वाचन्यानं पैसं वाचलं." मला ते लागले. ती चेष्टा करत नव्हती, म्हणून जास्तच लागले.

दोन वाजून गेले होते. आता कात्रजला जाऊन वाघ बघणे आणि उजेडी घरी पोचणे जमणार नव्हते. आजीनेच ते बोलून टाकले. "राहू दे वाघ. सारसबागेत बसू घटकाभर, थेंब घालायची येळ झाली." या वेळी मी पाटी पूर्ण वाचली, शिवाय एका काकांना विचारले, आणि मगच आम्ही चढलो.

सारसबागेतल्या गणपतीला तळ्यातला गणपती म्हणतात. पूर्वी तिथे खरोखरच मोठे तळे होते आणि देऊळ मधल्या बेटावर होते. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली तिथे गणपती बसवला. आता त्या मोठ्या तळ्याची बाग झाली आहे. मूर्ती लहानशीच आहे. फुलवाल्या मावशी म्हणाल्या, थंडी वाढली की या देवाला स्वेटर आणि कानटोपी घालतात. आजी ते ऐकून इतकी हसली की तिने दोनदा विचारून घेतले.

हिरवळीकडेच्या बाकावर आम्ही बसलो. आईने दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मग आजीने पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एकीचे झाकण पांढरे, एकीचे गुलाबी. तिने कागद माझ्या हातात दिला आणि चष्मा काढून मान मागे टाकली.

"घाल. कंचा कवा ते वाच आन् घाल."

माझे हात थरथरायला लागले. तिचा तो डोळा लाल होता आणि त्यातून पाणी येत होते. ती एका शब्दाने काही विचारत नव्हती. मी कागद वाचला. ‘पांढरे झाकण, दर दोन तासांनी एक थेंब.’ मला ‘दर’ दिसला आणि पुढचे मनानेच ‘दररोज’ असे आले. मी थांबलो. गुरुजी सांगतात तसे अक्षराखाली बोट ठेवले आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचले. ‘गुलाबी झाकण, दिवसातून चार वेळा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटे अंतर ठेवावे. हात धुऊन औषध घालावे.’ हे शेवटचे वाक्य मी आधी वाचलेच नव्हते. मी जाऊन नळावर हात धुऊन आलो. तिसऱ्यांदा वाचले. मग पांढऱ्याचा एक थेंब घातला. तो बरोबर डोळ्यात पडला.

पाच मिनिटे थांबायचे होते. आजी डोळे मिटून बसली होती. मला तिच्या तोंडाकडे बघून बोलता आले नसते, ते तेव्हा बोलता आले.

"आजी, गाडीत तू का सांगितलंस? मीच पाटी अर्धी वाचली होती. वर्गातसुद्धा मी असंच वाचतो."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला कंडक्टर बोलला तर मी काय, परत भेटनार हाय व्हय त्याला? तुला मात्र अजून लई गाड्यांत चढायचं हाय." आणि मग, "झाली का पाच मिनिटं?"

झाली नव्हती. मी घड्याळ बघून सांगितले, अजून दोन.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारले, वाघ बघितला का? आजी म्हणाली, "न्हाई, येळ न्हाई मिळाला." त्यावर मी सगळे खरे सांगितले. वडील रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. थेंब घालायचे काम पुढे महिनाभर माझ्याकडेच होते.

डिसेंबरात आजीला चष्म्याचा नंबर काढायला बोलावले. शनिवार होता, गुरुजींची परवानगी काढून मी गेलो. स्वारगेटला मी पाटी मोठ्याने वाचली, ‘शिवाजीनगर ते कात्रज’, आणि आजीने तरीसुद्धा शेजारच्या माणसाला विचारले. मी काही म्हणालो नाही.

प्राणी संग्रहालय फार मोठे आहे. चालून पाय दुखले. हत्ती पाहिला, हरणे पाहिली, मगर पाहिली. वाघाच्या जागेजवळ खूप मुले उभी होती. वाघ झाडाखाली आमच्याकडे पाठ करून झोपला होता. पोरांनी किती आवाज केला तरी त्याने नुसता कान हलवला. आजी कठड्याला धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

मी म्हणालो, "आजी, तोंड तर दिसतच नाही."

"माझा तो वाघबी असाच झोपला हुता," ती म्हणाली. "पर पट्टे न् पट्टे दिसत्यात की रं."

(इयत्ता ५ वी)