सपाट वाटेवरचं रान

महाराष्ट्रात रानात चालायचा विषय निघाला की तो हमखास गडावर जाऊन पोचतो. कळसूबाई झालं का, हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेनं गेलात का, अलंग-मदन-कुलंग कधी करताय? हे सगळं मी हौसेनं ऐकते. एके काळी त्यातलं थोडंफार केलंही आहे. पण अलीकडे माझा जीव रमतो तो बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या सपाट वाटांवर. तिथं दम लागत नाही, कातळाला हात टेकावे लागत नाहीत आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या मावशीलाही सोबत नेता येतं. अशा वाटांचं कौतुक कुणीतरी जाहीरपणे करायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मुख्य फाटकातून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता साधारण सहा किलोमीटरचा. आहे डांबरी, पण दोन्ही अंगांनी झाडं वर येऊन भिडलेली. लेण्यांजवळचा चढ सोडला तर गुडघ्यांनी कुरकुर करावी असं त्यात काही नाही. सकाळी फाटक उघडलं की बोरिवली-दहिसर-कांदिवलीची माणसं आत येऊ लागतात. कानटोपी घातलेले आजोबा, साडीवर पांढरे बूट चढवलेल्या काकू, बाबागाडी ढकलणारं तरुण जोडपं. तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी इथं अजून दगडांवरून वाहते. फाटकाबाहेर पडल्यावर तिचं जे होतं ते पाहवत नाही, म्हणून इथं तिला डोळे भरून पाहून घ्यावं.

मातीच्या वाटा वेगळ्या. त्यांतली शिलोंड्याची माझी सगळ्यांत लाडकी. वनखात्याची परवानगी काढायची, वाटाड्या सोबत घ्यायचा आणि ओढ्याच्या सोबतीनं निवांत चालत राहायचं. घाटात चढताना माणसाची नजर पुढच्या पावलाला जखडलेली असते. तिथं झाडं दिसतात ती थांबल्यावर. सपाट वाटेवर पायांचं काम पाय करतात आणि डोळे मोकळे सुटतात. कारवीच्या काठ्या मग नुसत्या काठ्या राहत नाहीत. याच काठ्यांचे कूड बांधून त्यावर शेणमाती लिंपली की पाड्यावरच्या घराच्या भिंती होतात, आणि हीच कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलून सगळा उतार जांभळा करून टाकते.

एकदा ओढ्याच्या अलीकडे एका झुडपावर तांबड्या मुंग्या घर शिवताना दिसल्या. दोन पानांच्या कडा जवळ आणायला दहा-बारा जणी ओळीनं उभ्या होत्या. मागचे पाय एका पानात रुतवलेले, जबड्यात दुसऱ्या पानाची कड. ओळीतली एखादी किंचित मागं सरके, की फट तेवढी आणखी मिटे. आतल्या बाजूला आणखी एक मुंगी पांढरी, तांदळाएवढी अळी तोंडात धरून या कडेवरून त्या कडेवर नेत होती. रेशमाचा धागा निघतो तो त्या अळीच्या तोंडातून. मोठ्या मुंगीला तो काढता येत नाही. अळीचं तोंड इथं टेकव, तिथं टेकव, असं करत करत पांढुरकी शिवण उमटत गेली. मावशी काठीवर भार देऊन बराच वेळ वाकून बघत राहिली. “अगं बाई, बाळांना कामाला लावलंय की!” ती म्हणाली. आणि मग तिच्या कोकणातल्या आंब्यावरच्या अशाच मुंग्या, त्यांचे कडकडून घेतलेले चावे, झाडावर चढणारी तिची भावंडं, हे सगळं निघालं. मागून आलेले लोक वळसा घालून पुढं गेले. कुणाचाही खोळंबा झाला नाही. निमुळत्या घाटवाटेवर असं थांबताच येत नाही.

कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास तिथं छिन्नी-हातोडा सुरू झाला आणि पुढं कितीतरी शतकं भिक्खू तिथं राहिले. पावसाचं पाणी साठवायला त्यांनी कातळात पोढ्या खोदल्या, आणि कुणी पोढीसाठी दान दिलं हे भिंतींवर कोरून ठेवलं. बौद्ध भिक्खू बसून ध्यान करत, तसंच चालूनही करत. सपाट, मोजक्या लांबीची जागा बघायची आणि तिच्यावर शांतपणे येरझारा घालायच्या. याला चंकम म्हणत. अंगुत्तर निकायात चंकमाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबचा प्रवास झेपतो, साधनेला बळ येतं, आजार दूर राहतात, खाल्लेलं पचतं आणि चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. ज्यांना रोज डोंगर चढणं भाग होतं त्यांनीसुद्धा चालण्यासाठी सपाट जागा राखली, याचा मला फार आधार वाटतो. डॉक्टर सांगतात म्हणून फाटकातून आत येणाऱ्या आजोबांच्या मागं एवढी जुनी परंपरा उभी आहे.

हे रान टिकलं त्याचं मोठं श्रेय पाण्याला आहे. मुंबईची तहान भागवायला १८६० साली विहार तलाव बांधून झाला, १८७९ साली तुळशी. पाणी स्वच्छ राहायचं तर भोवतालचा पाणलोट राखायला हवा, म्हणून तिथली वस्ती आणि शेती हटली, झाडं राहिली. त्या वेळी ज्यांना उठावं लागलं त्यांची आठवण या सावलीतून चालताना ठेवायलाच हवी. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत हे दोन आकारानं सगळ्यांत लहान, पण आजही शहर त्यांचं पाणी पितं. त्यांच्या काठांवर तुम्हाआम्हाला मुक्त प्रवेश नाही, आणि तो नसावाच. बिबट्यालाही कुठं तरी निवांत पाणी प्यायचं असतं.

पवईचा तलाव मात्र मन दुखवतो. १८९१ च्या सुमाराचा हा तलाव. पाणी पिण्याजोगं राहिलं नाही म्हणून नळातून गेला आणि उपनगराच्या मधोमध राहिला. काठाला मगरी ऊन खात पडतात, पाणपक्षी येतात. तलावाभोवती सायकलींसाठी आणि चालण्या-पळण्यासाठी मार्ग बांधायला घेतला, तेव्हा वरवर पाहता माझ्यासारखीला आनंदच व्हायला हवा होता. पण त्यासाठी जाळीत भरलेले दगड काठच्या पाण्यात उतरत होते. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते काम बेकायदेशीर ठरवून काढून टाकायला सांगितलं. मला हायसं वाटलं. तलावाकाठानं चालायचं ते तलावासाठी. त्याचा काठच बुजवला तर फेरी कशाभोवती मारायची?

आपल्याकडे सोपी वाट करायची म्हटलं की सुशोभीकरण सुरू होतं. फरश्या, चकचकीत रेलिंग, रात्रभर जळणारे दिवे, झाडाच्या बुंध्याला घट्ट चिकटलेलं सिमेंट. त्यानं वाट सोपी होत नाही. पावसात फरशीवर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात. कडक फरशीपेक्षा दाबलेली माती दुखऱ्या गुडघ्याला पुष्कळ सोसवते. पाणी साचतं तिथं मुरूम घालावा, ओढा ओलांडायला हाताला धरायचा कठडा असावा, स्वच्छतागृह जवळ आहे की लांब ते सुरुवातीलाच लिहिलेलं असावं. एवढं झालं तरी कितीतरी माणसं, जी आज खिडकीतूनच झाडं बघतात, ती रानात येतील.

यावर मावशीचं म्हणणं आणखी थोडकं आहे. “वाट आहे तशी छान आहे,” ती सांगते, “फक्त थोड्या थोड्या अंतरावर बाक ठेवायला सांग. पाठ टेकता येईल असे. नुसते ओटे नकोत, बसलं की उठवत नाही त्यांवरून.”