एका पुड्याचे अनेक उपयोग

‘कॉबलर’ हा शब्द इंग्रजीच्या पुस्तकांत जोडे शिवणारा या अर्थानें भेटतो. त्यामुळें अमेरिकेंत जेवणानंतर ‘पीच कॉबलर’ वाढतात असें मीं वर्गांत प्रथम सांगितलें तेव्हां मुली पोट धरधरून हंसल्या. वस्तुतः तें एक भाजलेलें पक्वान्न आहे. खोलगट भांड्यांत फळांच्या फोडी घालावयाच्या, त्यांवर मैद्याचें मऊ पीठ पसरावयाचें व सर्व भट्टींत खरपूस भाजावयाचें, एवढाच त्याचा विधि. त्यासाठीं मैदा, साखर, बेकिंग पावडर व मीठ यांचें कोरडें मिश्रण तेथील दुकानांत पुड्यांत बांधून मिळतें. आपल्याकडील थालिपिठाच्या भाजणीचें हें दूरचें नातलगच म्हणावें; फरक इतकाच कीं, भाजणीचे नाना उपयोग घरांतील वडील बाई धाकटीला शिकविते, आणि पुड्याच्या पाठीवर मात्र बहुधा एकच कृति छापलेली असते.

त्या एका कृतीपलीकडे पाहण्याचा प्रसंग माझ्या ताईवर आला. ती जॉर्जिया संस्थानांत राहते. सन २००९ च्या हिंवाळ्यांत, मंदीमुळें अमेरिकेंत लाखों लोकांचे रोजगार गेले, त्यांत भावोजींचाही गेला. मी त्या वेळीं दोन महिने तिच्याकडे होतें. गरजूंना शिधा देणाऱ्या एका केंद्रापुढें रांगेंत उभें राहणें ताईला फार जड गेलें. कोणी ओळखूं नये म्हणून ती डोक्यावरून शाल ओढून घेई. तेथें तांदूळ, कडधान्यें व दूध लौकर संपे. कॉबलरचे पुडे मात्र तसेच पडून राहत, कारण ही चैनीची वस्तु, हिनें पोट कसें भरावें, असा सर्वांचा समज. ‘हवे तितके न्या,’ असें तेथील बाई म्हणाल्या, आणि ताईनें आठ पुडे घरीं आणले.

प्रथम अर्थात् कॉबलरच झालें. जॉर्जिया पीचसाठीं प्रसिद्ध, पण तें फळ उन्हाळ्याचें. हिंवाळ्यांत डब्यांतील फोडींवर भागवावें लागलें. दक्षिणेकडील रीत मोठी मौजेची आहे. भांड्यांत लोणी वितळवून त्यांत दुधांत कालविलेलें पीठ ओततात, वर फळें पसरतात आणि मुळींच ढवळीत नाहींत. सुमारें १८० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर पाऊण तासांत तळचें पीठ फुगून फळांच्या वर येतें! हें बळ बेकिंग पावडरीचें. तींत खाण्याचा सोडा व कोरडें आम्ल असतें. ओलावा व उष्णता लागतांच त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु सुटतो आणि पीठ हलकें होतें. सन १८४३ मध्यें बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नांवाच्या रसायनज्ञानें अशी पावडर तयार केली ती आपल्या पत्नीसाठीं, कारण तिला यीस्ट सोसत नसे. ताईच्या सासूबाई अंडें शिवत नाहींत. या पावडरीच्या कृपेनें त्यांनाही तें पक्वान्न निःशंकपणें खातां आलें.

पण रोज कॉबलर कोण खाणार? दूध नसे त्या दिवशीं ताई कोरड्या मिश्रणांत थोडें लोणी बोटांनीं चोळून तें रव्यासारखें करी व सफरचंदाच्या कापांवर भुरभुरून भट्टींत ठेवी. सकाळीं त्याच मिश्रणांत निमी कणीक घालून, पातळ भिजवून तव्यावर धिरडीं घातलीं कीं भाचरांची न्याहारी तयार. कणीक हवीच, कारण मिश्रणांत साखर फार. नुसतेंच घातलें तर आंतून शिजण्यापूर्वी बाहेरून करपतें. आंचही मंद ठेवावी लागे. काळीं पडलेलीं केळीं कुस्करून त्यांत घट्ट कालविलें व चमच्यानें तेलांत सोडलें, म्हणजे थेट आपले गुलगुले. वेलदोडा मात्र विसरूं नये. तिखटमिठाच्या कामीं हें मिश्रण अगदीं निरुपयोगी. भावोजींनीं कांद्याच्या भज्यांचा आग्रह धरला; ताईनें एकच घाणा काढला, आणि तो कोणीं संपविला हें येथें न लिहिणेंच बरें.

एके शनिवारीं ताईनें या कृति चिठ्ठ्यांवर इंग्रजींत लिहून केंद्रांतील पुड्यांशेजारीं ठेवल्या. पुढील आठवड्यांत पुडे उरले नव्हते. त्या बाईंनीं तिला मेजाच्या पलीकडे, शिधा देणारांच्या बाजूला, उभें राहून लोकांना समजावून सांगण्याची विनंती केली. भावोजींना काम लागल्यावरही तिनें तो शनिवार सोडला नाहीं.

पुडा नसला म्हणून अडत नाहीं. एक कप मैदा, पाऊण कप साखर, दीड लहान चमचा बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ एकत्र चाळलें कीं झालें. मीं तें येथें हापुसाच्या फोडींवर करून पाहिलें आहे; चांगलें होतें, तथापि हापूस तसाच खावा हें माझें मत कायम आहे. कोंकणच्या पावसाळ्यांत मिश्रण घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावें, कारण दमट हवेनें पावडरीचा जोर जातो. शंका आल्यास चमचाभर पावडर गरम पाण्यांत टाकावी. ती फसफसली तर वापरावी, नाहीं तर नवी आणावी.