हृदयरुग्ण, गोल्फ आणि चालणे

गोल्फ म्हटले की श्रीमंतांचा खेळ, असे आपल्याला वाटते. अमेरिकेत मॉन्टेरेला ताईकडे गेलो, तेव्हा भावोजींच्या अँजिओप्लास्टीला वर्ष झाले होते. डॉक्टरांनी रोज चालायला सांगूनही "नुसतं काय चालायचं?" म्हणून ते टाळत.

तिथून जवळच्या प्रसिद्ध पेबल बीच मैदानावर एका खेळाला 600 डॉलरहून अधिक लागतात. पण मॉन्टेरेमध्येच अमेरिकन नौदलाचे 'मॉन्टेरे पाइन्स' हे 18 होल्सचे मैदान आहे आणि तिथे सामान्य नागरिकांनाही बऱ्याच कमी पैशांत खेळता येते. आम्ही तिथे गेलो.

भावोजी बॅटरीवरची गाडी घ्यायला निघाले. मी म्हटले, "भावोजी, औषध चालण्यातच आहे!"

चेंडू मारायला काही सेकंद लागतात. उरलेला वेळ त्याच्यामागे चालायचे असते. 18 होल्स पायी खेळल्यास साधारण 6 ते 10 किलोमीटर चालणे होते. गाडी घेतली की यातला बराचसा फायदा जातो. भावोजी गप्पा मारत 9 होल्स चालले. घरी येताना त्यांनीच पुढच्या रविवारचे विचारले.

हृदयविकार असल्यास आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. सुरुवात 9 होल्सपासून करा. खेळण्यापूर्वी खांदे व कंबर मोकळी करा, सोबत पाणी ठेवा. मधुमेहाची औषधे चालू असतील तर खिशात साखर किंवा ग्लुकोज असू द्या. छातीत दुखले किंवा खूप धाप लागली तर लगेच थांबा आणि मदत मागा.

गोल्फच हवा असे नाही. भाजी आणणे, नातवाला शाळेत सोडणे, मित्राकडे जाणे, कोणतेही निमित्त चालेल. फक्त पायी जा.