चार पंजे आणि एक बोट

भाषाविज्ञानाच्या तासाला ओठ, दात, टाळू, जीभ अशी वागिंद्रिये शिकवताना आम्हांला हटकून लेबोर्न आठवतो. पॅरिसनजीकच्या बिसेत्र रुग्णालयातील या रुग्णाची जीभ हालत होती, ओठ हालत होते. तोंडून मात्र 'तां, तां' एवढेच निघे. फार संतापला तर एक शिवी. १८६१च्या एप्रिलात शल्यविशारद पॉल ब्रोका याने त्याला विचारले, इथे येऊन किती वर्षे झाली? लेबोर्नने चार वेळा पंजा उघडला आणि मग एक बोट दाखविले. २१ वर्षे, हिशेब चोख होता. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा चालली आहे हे त्याने ओळखले आणि ती शिवी हासडली.

काही दिवसांतच तो वारला. त्याच्या मेंदूतील जखम डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात होती. तरी ब्रोकाने घाई केली नाही. आणखी रुग्ण पाहून, आपण डाव्या गोलार्धाने बोलतो, असे तो ठामपणे म्हणाला ते १८६५मध्ये. त्याच वर्षी मार्क डाक्स या दिवंगत डॉक्टरचा, १८३६चा म्हणून सांगितला जाणारा, याच आशयाचा निबंध त्याच्या मुलाने छापविला आणि श्रेयाचा तंटा सुरू झाला. (असले तंटे आम्हा साहित्यवाल्यांना नवे नाहीत.)

आम्हांला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. ब्रोकाच्या लेखी लेबोर्नचे उच्चारण हरपले होते, समज नव्हे. आपल्याकडे वाचा गेली की माणूस 'कामातून गेला' असे धरले जाते. लिंबागणेशला आमच्या परिचयाच्या एका वृद्धांचे उजवे अंग लुळे पडले, वाचा बसली. त्यांच्यादेखत वाटणीची बोलणी होऊ लागली, जणू ते तिथे नव्हतेच. पण सायंकाळी गणपतीच्या आरतीला ते सगळ्यांबरोबर शब्दन्‌शब्द म्हणत! घरच्यांना तो चमत्कार वाटला. तो तसा नव्हता. स्वीडनमध्ये ओलोफ दालिन याने १७४५मध्येच अशा एका माणसाची नोंद केली आहे: उजवी बाजू लुळी, बोलणे बंद, स्तोत्रे मात्र स्पष्ट. पाठ झालेले, चालीवर बसलेले शब्द उजव्या गोलार्धाच्या आधारे तगत असावेत, असे पुढे इंग्लंडच्या हूलिंग्ज जॅक्सनसारख्यांनी सुचविले.

मग पाहुणे आले की 'म्हणा आप्पा, आरती म्हणा' सुरू झाले. दोनदा त्यांनी म्हटली. तिसऱ्या खेपेला भिंतीकडे तोंड फिरविले.