उलटलेला दगड

चिंचवडच्या मुलाला काळ्या दगडाचे नवल ते काय वाटणार? पवनेचा घाट काळ्या दगडाचा, मोरया गोसावींच्या मंदिराचा चिरा काळा आणि नदीच्या पात्रातही तोच दगड. म्हणून हिवाळी सहलीत अलिबागच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच सातवीची सारी मुले वाळूकडे धावली.

ओल्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची सुरेख नक्षी उमटली होती. ती काढणारा कारागीर म्हणजे एक इवलासा खेकडा. तो वाळू तोंडाशी नेई, तिच्यातील अन्नकण वेचून घेई आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूस टाकी. पाऊल वाजले की स्वारी बिळात गडप! परंतु एवढ्या विस्तीर्ण पुळणीवर शैवलाचा एकही झुपका उगवलेला नव्हता. प्रत्येक लाटेसरशी वाळूचे कण जागा बदलतात. जेथे जमीनच घटकाभर स्थिर नाही, तेथे वर बिऱ्हाड कोण थाटणार? वाळूतले रहिवासी वाळूच्या पोटातच दडून राहतात. खेकडे बिळे करतात, तिसऱ्या स्वतःला पुरून घेतात.

ओहोटी लागली होती. कुलाबा किल्ल्याची वाट उघडी पडली, तशी मुले चालत खडकांपाशी पोहोचली. तेथे सृष्टीच निराळी होती. खडकावर हिरवी, तपकिरी शैवले लोंबत होती. शैवलाला झाडासारखी मुळे नसतात. ते सर्वांगाने पाण्यातून अन्न घेते. त्याला हवा असतो तो केवळ घट्ट आधार. पाण्यावर तरंगणारी त्याची सूक्ष्म बीजुके खरबरीत दगडावर टेकली, की तेथेच चिकटून वाढू लागतात. कालवेही तशीच. बालपणी ती पाण्यात भटकतात आणि एकदा दगडाला शिंपला चिकटवला, की जन्मभर ती जागा सोडीत नाहीत.

एका मुलाने खडक निरखून पाहिला. त्यावर बारीक बारीक छिद्रे होती. अशी छिद्रे त्याने पवनेकाठच्या दगडांवरही पाहिली होती. दोन्ही दगड एकाच कुळातले! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वाहत आला. तो थिजताना त्यातील वायूच्या बुडबुड्यांची ही छिद्रे झाली. ओहोटीच्या वेळी अशा छिद्रांत आणि भेगांत ओल टिकते, आणि तिच्या आश्रयाने लहान जीव उन्हातही तग धरतात.

कुतूहलाने त्या मुलाने एक धोंडा उलटा केला. खाली नळ्यांत राहणारे किडे होते, गोगलगायी होत्या, एक भेदरलेला खेकडा होता. मौज पाहून तो पुढे निघाला. जवळच एक वृद्ध कोळीण कालवे सोडवीत बसली होती. ती म्हणाली, “बाळा, दगड होता तसा ठेव. खालचं आता उन्हानं मरंल, आन् वरचं अंधारात.”

मुलगा शरमला. “हो आजी,” म्हणून तो मागे फिरला आणि त्याने तो धोंडा हलकेच पूर्ववत ठेवला.

दुपारी मुलांनी रेवदंड्याची खाडी पाहिली. खाडीच्या संथ पाण्यात बारीक गाळ खाली बसतो. त्या चिखलात तिवरांची झाडे उभी होती आणि निवट्या उड्या मारीत होत्या. मऊ चिखलावर कालवांना घट्ट आधार मिळत नाही. मात्र खाडीतच एखादा दगडी धक्का असला, की त्यावर ती हटकून बसतात. पाणी तेच, पण तळ बदलला, की वस्ती बदलते. म्हणूनच खडकावर गाळाचा जाड थर साचला, तर खडक असूनही नसल्यासारखा होतो.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा एकटाच पवनेच्या घाटावर गेला. पाण्याच्या कडेचा एक दगड त्याने उचलला. दगडावर शहराच्या सांडपाण्याचा काळा, बुळबुळीत गाळ बसला होता आणि त्यात तांबड्या बारीक अळ्या वळवळत होत्या. स्वच्छ ओढ्यातील दगडांना चिकटून राहणारे जीव तेथे नव्हते. दगड अलिबागच्याच कुळातला होता. पण त्याच्यापर्यंत कोणाला पोहोचताच येत नव्हते.

मुलगा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला. एक धोंडा जागेवर ठेवणे सोपे होते. सारी नदी होती तशी ठेवणे एकट्याच्या हातचे नव्हते. त्यासाठी सारे गाव हवे होते. त्याने हातातला दगड पाण्यात स्वच्छ धुतला आणि आजीने सांगितल्याप्रमाणे पुन्हा होता तसा ठेवला.