न पाहता दिलेला अभिप्राय

एखाद्या वस्तूविषयी मत द्यावयाचे तर ती वस्तू आधी पाहिलेली असावी, हा नियम आम्ही इतरांना आयुष्यभर सांगत आलो. परंतु आपल्याच घरात, आपल्याच नातवंडांसमोर तो आम्ही मोडला, आणि त्याचे प्रायश्चित्त आम्हांस २०२५ च्या दिवाळीत घ्यावे लागले. ही हकीकत सांगताना थोडा संकोच वाटतो. तथापि आमच्यासारखी वडीलधारी माणसे घरोघरी आहेत, त्यांपैकी एखाद्यास तिचा उपयोग होईल, या आशेने ती लिहीत आहो.

डोंबिवलीस आमचे कुटुंब एकत्र राहते. पुतण्याचा मुलगा चौदा वर्षांचा व मुलगी दहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी हा मुलगा एके सायंकाळी आमच्या खुर्चीशेजारी येऊन बसला आणि एका जपानी चित्रमालिकेची कथा मोठ्या उत्साहाने सांगू लागला. आम्ही वर्तमानपत्रातून डोके वर न काढताच म्हणालो, "पुरे तो भुताखेतांचा धिंगाणा!" मुलगा उठून गेला. त्यानंतर तो शाळेविषयी बोले, क्रिकेटविषयी बोले. त्या कथेचे नाव मात्र त्याने आमच्यापुढे पुन्हा काढले नाही. आम्ही ते मौन आज्ञाधारकपणाचे समजून संतुष्ट होतो. वस्तुतः त्याने आपल्या मनाचे एक दार आमच्यापुरते लावून घेतले होते.

वास्तविक जपानी चित्रमालिका आमच्या घरास नवीन नव्हत्या. १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली येई, तेव्हा याच मुलाचा बाप, म्हणजे आमचा पुतण्या, चहाचा पेला हातात धरून पडद्यासमोर बसे, आणि आम्हीही त्याच्यामागे उभे राहून पाहत असू. गुलजारांचे शब्द असलेले ते गीत घरात सर्वांस पाठ होते. ती मालिका जपानात तयार झाली आहे, हे मात्र आमच्या ध्यानी आले नव्हते. जे आवडले त्याचे कूळ कोणी विचारीत नाही. जे पाहिले नाही त्याचेच आपण प्रथम विचारतो.

असो. आता ज्या खेळावरून हा प्रसंग उद्भवला त्याविषयी. कोयोहारू गोतोगे यांची 'किमेत्सु नो याइबा' ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात एका जपानी साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली व तिचे तेवीस खंड झाले. २०१९ पासून तिच्यावरून चित्रमालिका निघाली. इकडे ती 'डेमन स्लेअर' या नावाने ओळखली जाते. कोळसे विकून कुटुंब पोसणारा तांजिरो हा मुलगा एके दिवशी घरी परततो, तो राक्षसाने घरच्यांची हत्या केलेली. वाचते ती एकटी बहीण नेझुको, पण तीही राक्षसयोनीस गेलेली. तिला पुन्हा माणूस करावे म्हणून हा भाऊ तिला पेटीत बसवून, ती पेटी पाठीवर घेऊन हिंडतो. फुकुओका येथील सायबरकनेक्ट-टू या संस्थेने २०२१ मध्ये या कथेवर 'द हिनोकामी क्रॉनिकल्स' नावाचा व्हिडिओ गेम काढला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. पुढच्याच महिन्यात, १२ सप्टेंबरला, याच कथेवरील 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट भारतात प्रदर्शित झाला. तो हिंदी, तमिळ व तेलुगू भाषांतही होता, मराठीत मात्र नव्हता. मुले आईबापांसह ठाण्यास जाऊन तो पाहून आली आणि खेळाचा दुसरा भाग विकत घ्यावा की नाही, याची घरात कुजबुज सुरू झाली. किंमत काही हजारांच्या घरात असल्यामुळे प्रकरण अखेर आमच्यापर्यंत आले.

आम्ही नेहमीप्रमाणे तोंड उघडले, "तसल्या खेळावर पैसे—". इतक्यात नात म्हणाली, "आबा, तुम्ही तो पाहिलाय का?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. मुलीस खरोखरच जाणून घ्यावयाचे होते. एके काळी वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी आम्ही नाटकांवर टिपणे लिहीत असू. एका गृहस्थाने पहिला अंक संपताच उठून जाऊन संपूर्ण नाटकावर टीका केली, म्हणून त्यास आम्ही चारचौघांत सुनावले होते. त्या गृहस्थाने निदान एक अंक तरी पाहिला होता! आम्ही निरुत्तर झालो. शेवटी असे ठरले की, खेळाविषयी जाणत्यांचे अनुकूल व प्रतिकूल असे दोन्ही अभिप्राय मुलाने गोळा करावे, शक्य तर स्वतः खेळून पाहावा, आणि भाऊबीजेस कल्याणला आमच्या थोरल्या भगिनींकडे, अक्कांकडे, निर्णय व्हावा. अक्कांची हयात शाळेत शिकविण्यात गेली आहे.

मुलाने काम चोख केले. नौपाड्यातील एका मित्राकडे जाऊन तो खेळ दोन दिवस खेळला, आणि वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून डावीकडे गुण व उजवीकडे दोष लिहून आणले. गुणांच्या बाजूस असे होते: चित्रे मालिकेशी इतकी मिळतीजुळती की मालिका कोठे संपते व खेळ कोठे सुरू होतो ते कळू नये; लढवय्ये चाळिसांहून अधिक; काही ठरावीक जोड्यांस मिळून करावयाचा संयुक्त प्रहार नव्याने दिलेला; डाव सोपे, त्यामुळे नवख्याचाही हात चालतो. दोषांच्या बाजूस: कथा तीच, जी पडद्यावर पाहून झालेली, दोन लढायांच्या मध्ये उगाच पायपीट, मोठ्या लढाईच्या ऐन भरात पडद्यावर खूण उमटते, तेवढे बटण दाबावे, की पुढचा पराक्रम चित्र आपोआप करून दाखविते, मग त्यात खेळणाऱ्याचे कर्तृत्व ते काय, पहिल्या भागाहून दुसऱ्याची चाल फारशी निराळी नाही, आणि डाव सोपे, त्यामुळे मुरलेल्या खेळाडूस लवकर कंटाळा.

ते पान आम्ही दोनदा वाचले. "कथा ठाऊक आहे" हा आक्षेप आम्हांस प्रथम लंगडा वाटला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा शकुंतलेचे पुढे काय होते हे प्रेक्षकांस का ठाऊक नव्हते? तरी लोकांनी गर्दी केली, कारण ठाऊक असलेल्या कथेस त्यांनी संगीताचा नवा देह दिला होता. त्याच न्यायाने आम्ही मुलास म्हणालो, "माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगणे हा दोष नव्हे, पुन्हा सांगताना सांगणाराने आपले असे काही घातले नाही, तर तो दोष."

मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, "मग बटण दाबून चित्र बघायचं, हाच खरा दोष. नाटकात नट तरी काम करतो. इथे नट मीच, आणि मला काम नाही!" इतकी नेमकी टीका आम्हांस आमच्या टिपणांत क्वचितच साधली असेल.

सूनबाईंचा आक्षेप निराळा होता, आणि आमच्या मते अधिक वजनदार. या दुसऱ्या भागातील पहिले आख्यान योशिवारा येथे, म्हणजे जुन्या टोकियोतील वेश्यावस्तीत, घडते. इंग्रजीत त्यास 'रंजनाची पेठ' असे सोज्ज्वळ नाव दिले असले, तरी वस्तू लपत नाही. शिवाय राक्षसांची मस्तके उडविणे हा तर खेळाचा मुख्य व्यवसाय. मस्तकांविषयी आम्हांस फारसे बोलता येईना. कारण हिरण्यकशिपूचे पोट फाडणारा नरसिंह आणि दुःशासनाचे रक्त पिणारा भीम आम्हीच या मुलांना जेवताना सांगितलेले. वस्तीविषयी मात्र सूनबाईंनी उत्तम मार्ग काढला. तो कथाभाग त्यांनी आधी स्वतः पाहिला, मग मुलाशेजारी बसून पाहिला, आणि दारिद्र्याने मुली कशा विकल्या जात, हे त्यास स्पष्ट शब्दांत सांगितले. त्या वस्तीतील दोन राक्षसही भाऊबहीणच आहेत, तेथल्याच दैन्यात जन्मलेले. मरताना दोघे एकमेकांस बोल लावतात, आणि त्यांचा शत्रू तांजिरोच भावाचे तोंड झाकून, बहिणीस असे बोलू नये, म्हणून त्यास थांबवितो. शेवटी तो राक्षस बहिणीस पाठीवर घेऊन ज्वाळांत चालू लागतो. हे सांगताना सूनबाईंचा आवाज किंचित कापला. मनोरंजन म्हणून आम्ही जे झटकून टाकले होते, त्यात एवढे होते तर!

भाऊबीजेस आम्ही सर्व कल्याणला गेलो. ओवाळणे झाले, फराळ झाला, आणि वही अक्कांपुढे ठेवण्यात आली. अक्कांनी चष्मा लावून पान शांतपणे वाचले व पेन्सिलीने दोन ठिकाणी खूण केली. "डाव सोपे" हे शब्द दोन्ही बाजूंस होते.

"अरे," त्या आम्हांस म्हणाल्या, "एकच गोष्ट गुणही आणि दोषही कशी?" मग मुलाकडे वळून त्यांनी विचारले, "ज्यांनी हे लिहिलं, ते एकटे बसून खेळले की दुकटे?"

"बहुतेक एकटेच, अक्काआजी."

"आणि तुमच्या घरी खेळणार किती जण?"

मुलाने बहिणीकडे पाहिले. घरातल्या घरात दोघांनी समोरासमोर लढण्याची सोय या खेळात आहे. कथाभाग रोडका असला तरी तो एकदाच खेळावयाचा. झुंज मात्र रोज. ज्या सोपेपणामुळे मुरलेला खेळाडू कंटाळतो, त्याच सोपेपणामुळे दहा वर्षांची बहीण चौदा वर्षांच्या भावापुढे उभी राहू शकते. टीकाकारांचे काही चुकले होते असे नव्हे. त्यांनी आपल्या बैठकीवरून जे दिसले ते प्रामाणिकपणे सांगितले होते. परंतु अभिप्राय हा औषधाच्या चिठ्ठीसारखा असतो. दुसऱ्याच्या नावची चिठ्ठी कितीही निष्णात वैद्याची असली, तरी ती आपल्या प्रकृतीशी ताडून पाहावी लागते.

निर्णय मुलांनीच केला. त्याचे साठविलेले पैसे आणि तिला नुकतीच मिळालेली ओवाळणी एकत्र करून खेळ घ्यावा, आणि परीक्षेच्या महिन्यात तो कपाटात राहावा. कपाटाची किल्ली सूनबाईंकडे.

खेळ घरी आला त्या संध्याकाळी प्रायश्चित्त म्हणून आम्हीही कंट्रोलर हाती घेतला. नातीने आम्हांस लागोपाठ तीन वेळा लोळविले. चौथ्या झुंजीपूर्वी पडद्यावर एक भेसूर मूर्ती आली, तेव्हा आम्ही विचारले, "हा कोण रे?"

मुलाने कंट्रोलर खाली ठेवला, आमच्या खुर्चीशेजारी तो पूर्वीसारखा मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आबा, मग सुरुवातीपासूनच सांगतो." वर्तमानपत्र जवळच पडले होते. आम्ही ते घडी करून बाजूस ठेवले.